कारखाना एक, हिशेब दोन: कंपनीचा पर्यावरण अहवाल नफ्याशी ताडून कसा पाहायचा

शेअर घेणारे आपल्यातले बहुतेक जण वार्षिक अहवाल उघडला की थेट नफा-तोटा पत्रकावर जातात. ईपीएस (एका शेअरमागचा नफा) किती, मार्जिन किती, लाभांश किती, की झालं. त्याच पीडीएफमध्ये बीआरएसआर, म्हणजे व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता सांगणारा अहवाल असतो. झाडांच्या फोटोंचा भाग समजून आपण तो पुढे सरकवतो. पण नफ्याच्या आकड्यावर किती विसंबायचं हे ठरवायला हीच पानं सगळ्यात जास्त कामाला येतात. भट्टीत जळलेला कोळसा खर्चाच्या खात्यात रुपयांत येतो आणि पर्यावरणाच्या तक्त्यात गिगाज्यूल या ऊर्जेच्या मापात. भट्टी तीच, कोळसाही तोच. दोन्हीकडचं जुळलं तर नफ्याच्या आकड्याला आधार मिळतो. जुळलं नाही तर निदान एका ठिकाणी काहीतरी सांगायचं राहिलंय, आणि कुठे ते विचारायचा भागधारकाला पूर्ण हक्क आहे.

जाड आणि देखणा पर्यावरण अहवाल म्हणजे प्रामाणिक कंपनी, असं मात्र धरून चालू नका. या विषयावरच्या संशोधनात दोन्ही बाजूंचे निष्कर्ष आहेत. काही अभ्यासांत सामाजिक जबाबदारीत पुढे असलेल्या कंपन्या नफ्याच्या आकड्यांशी कमी खेळताना दिसल्या. काहींत नेमकं उलट: आकडे फिरवणाऱ्या कंपन्याच अशा कामांतून चांगलं नाव मिळवताना आढळल्या.

फोक्सवॅगनचं घ्या. सप्टेंबर २०१५ मध्ये डाऊ जोन्स शाश्वतता निर्देशांकात तिला वाहन उद्योगात पहिलं स्थान मिळालं. त्याच महिन्याच्या १८ तारखेला अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेची नोटीस आली: डिझेल गाड्यांत चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरतं प्रदूषण कमी करणारं सॉफ्टवेअर बसवलं आहे. जगभरात अशा सुमारे १.१ कोटी गाड्या निघाल्या. भारतात त्या गटाने सुमारे ३.२३ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या, आणि इथल्या चाचण्या पुण्याच्या एआरएआय या वाहन चाचणी संस्थेने केल्या होत्या. २०१४ साली कंपनीचा कार्यचालन नफा सुमारे १२.७ अब्ज युरो होता. २०१५ च्या हिशेबात एकट्या या प्रकरणासाठी १६.२ अब्ज युरो बाजूला काढावे लागले आणि वर्ष तोट्यात गेलं. आधीच्या वर्षांत गाड्या विकल्या गेल्या होत्या, पैसेही आले होते. पण त्या नफ्यातला काही भाग न केलेल्या खर्चाचा होता. धूर खरोखर स्वच्छ करायला जे पैसे लागले असते, ते नफा म्हणून दिसत राहिले. खाली दिलेल्या सगळ्या पायऱ्या हा न केलेला खर्च शोधण्यासाठी आहेत.

पायरी १: कागद जमवा

सेबीने मे २०२१ मध्ये बीआरएसआर आणला. बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० सूचीबद्ध कंपन्यांना तो २०२२-२३ पासून बंधनकारक आहे. कंपनीच्या संकेतस्थळावर असतोच, शिवाय एनएसई आणि बीएसईवर मागच्या वर्षांचेही मिळतात. किमान तीन वर्षांचे घ्या, सोबत त्याच वर्षांचे वार्षिक अहवाल.

कारखानदारी, खाण, वीज, सिमेंट, रसायन, साखर, कागद अशा कंपन्यांसाठी आणखी तीन कागद शोधा. पर्यावरण मंजुरीच्या अटी कितपत पाळल्या याचा सहामाही अहवाल १ जून आणि १ डिसेंबरला द्यावा लागतो. तो सार्वजनिक कागद असतो. कंपनीच्या संकेतस्थळाच्या एखाद्या कोपऱ्यात किंवा पर्यावरण मंजुऱ्यांच्या सरकारी परिवेश पोर्टलवर सापडतो. दुसरा कागद फॉर्म पाच, म्हणजे पर्यावरण विवरणपत्र. ते दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जातं आणि त्यात पाणी, कच्चा माल, सांडपाणी, घातक कचरा यांचे आकडे असतात. तिसरा कागद मंडळाचं संमतीपत्र, म्हणजे कारखाना चालवायची परवानगी. महाराष्ट्रातल्या कारखान्यांची संमतीपत्रं महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर शोधता येतात.

आयटी कंपनी किंवा बँक असेल तर हे तीन कागद सोडून द्या. तिथे ही पद्धत फारशी लागू पडत नाही.

पायरी २: हद्द बघा

बीआरएसआरच्या पहिल्याच भागात अहवाल फक्त मूळ कंपनीचा आहे की उपकंपन्या धरून आहे, ते लिहिलेलं असतं. आपण नफा बघतो तो बहुधा एकत्रित, आणि पर्यावरणाचे आकडे पुष्कळदा फक्त मूळ कंपनीचे असतात. धूर, राख, गाळ ज्या उपकंपनीत निघतो तीच बाहेर राहिली तर तक्ता साहजिकच स्वच्छ दिसतो. मूळ कंपनीचा बीआरएसआर मूळ कंपनीच्या नफा-तोटा पत्रकाशीच ताडायचा. आणि एकत्रित नफ्यातला मोठा हिस्सा हद्दीबाहेरच्या उपकंपन्यांतून येत असेल, तर त्या हिश्श्याबद्दल तुमच्या हाती पर्यावरणाची काहीच माहिती नाही, हे वहीत लिहून ठेवा.

पायरी ३: वीज आणि इंधनाचा मेळ घाला

मला ही पायरी सगळ्यात मोलाची वाटते, कारण तिला कुणाच्या मताची गरज नाही. कॅल्क्युलेटर पुरतो.

बीआरएसआर तत्त्वांनुसार, म्हणजे विषयवार मांडलेला असतो. त्यातलं सहावं तत्त्व पर्यावरणाचं. त्यात विजेचा आणि इंधनाचा वापर, नवीकरणीय आणि इतर असा वेगवेगळा, बहुधा गिगाज्यूलमध्ये असतो. एक युनिट वीज म्हणजे ३.६ मेगाज्यूल, आणि हजार मेगाज्यूलचा एक गिगाज्यूल. समजा, रायगड जिल्ह्यातल्या एका रसायन कंपनीने ग्रिडमधून ३,६०,००० गिगाज्यूल वीज घेतल्याचं लिहिलंय. म्हणजे १० कोटी युनिट. आता खर्चाच्या टिपेत ‘पॉवर अँड फ्युएल’ची ओळ बघा. त्यातला विजेचा भाग ८५ कोटी रुपये असेल तर दर युनिटला साडेआठ रुपये पडला. औद्योगिक ग्राहकाला तो शोभतो. ४० कोटी असेल तर चार रुपये पडला. इतकी स्वस्त वीज कुठून आली? स्वतःचा सौर प्रकल्प असेल तर ती वीज नवीकरणीयच्या ओळीत दिसायला हवी. राज्य सरकारचं वीज अनुदान असेल तर त्याची टीप हवी. यातलं काहीच नसेल तर एक शक्यता उरते: विजेच्या बिलाचा काही भाग नव्या प्रकल्पाच्या भांडवली खर्चात टाकलाय. त्याने यंदाचा नफा फुगतो आणि बोजा पुढच्या वर्षांच्या घसाऱ्यात जातो. ‘भांडवली प्रगतिपथावरील काम’ ही ताळेबंदातली ओळ त्याच वर्षी कशी वाढली ते लगेच बघून घ्या.

त्याच आकड्यावरून स्कोप २, म्हणजे विकत घेतलेल्या विजेपायी होणारं उत्सर्जनही पडताळता येतं. भारतीय ग्रिडच्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरतात. १० कोटी युनिटांचे सुमारे ७०,००० टन व्हायला हवेत. तक्त्यात ४५,००० लिहिलं असेल तर कारण विचारा.

इंधनाचंही तसंच. एक गिगाज्यूल उष्णतेमागे दगडी कोळशातून साधारण ९५ किलो, डिझेलमधून ७४ आणि नैसर्गिक वायूतून ५६ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. कंपनीने अनवीकरणीय इंधन ५ लाख गिगाज्यूल दाखवलं असेल, तर सगळा वायू धरला तरी २८,००० टन आणि सगळा कोळसा धरला तर सुमारे ४७,५०० टन होतात. स्कोप १, म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या कारखान्यातून थेट होणाऱ्या उत्सर्जनाचा आकडा या दोहोंच्या मध्ये कुठेतरी पडला पाहिजे. सिमेंटसारख्या उद्योगात तो वर जाईल, कारण चुनखडी भाजतानाही वायू सुटतो. खाली जायला मात्र सहसा कारण नसतं.

इथे एक अडचण येते. पोलाद कंपन्या कोकिंग कोळसा कच्च्या मालात धरतात, खत कंपन्या वायू कच्च्या मालात धरतात. नुसती ‘पॉवर अँड फ्युएल’ची ओळ घेतलीत तर हिशेब जुळणार नाही आणि कंपनीवर उगाच संशय येईल. आधी कच्च्या मालाची टीप वाचा, मग शंका घ्या.

आता याच तक्त्याचा दुसरा उपयोग. विक्री ३० टक्क्यांनी वाढली म्हणतात. भावही विशेष वाढलेले नाहीत. मग वीज, पाणी, घातक कचरा, पॅकिंगचं प्लास्टिक, यातलं काहीतरी वाढलेलं दिसायला हवं. खोट्या बिलाला वीज लागत नाही, त्याला सांडपाणीही निघत नाही. अर्थात बाहेरून माल करून घेतला किंवा तयार माल घेऊन विकला, तरी असं दिसू शकतं. त्याची खूण खर्चात सापडते: ‘तयार मालाची खरेदी’ ही ओळ वाढलेली असते. तीही वाढलेली नाही, आणि येणी (ग्राहकांकडून अजून यायचे पैसे) मात्र विक्रीपेक्षा वेगाने वाढताहेत, अशी जोडी दिसली तर त्या वर्षाच्या नफ्यावर मी तरी भरवसा ठेवत नाही.

पायरी ४: तीव्रतेच्या आकड्याने भुलू नका

‘ऊर्जा तीव्रता १५ टक्क्यांनी घटली’ हे वाक्य जवळपास प्रत्येक अहवालात ठळक अक्षरात असतं. तीव्रता म्हणजे बहुधा एका रुपयाच्या उलाढालीमागची ऊर्जा. भाव वाढले की उलाढाल वाढते आणि भट्टीत काहीही न बदलता तीव्रता घटते. पोलाद, रसायनं, साखर यांच्या तेजीच्या वर्षांत हे हमखास होतं. उत्पादनाच्या टनामागची तीव्रताही त्याच तक्त्यात मागितलेली असते. ती ओळ रिकामी असेल किंवा ‘लागू नाही’ लिहिलं असेल, तर एकूण ऊर्जेला उत्पादनाच्या टनांनी तुम्हीच भागा.

मागच्या वर्षाचा आकडा यंदाच्या अहवालातून कधीही घेऊ नका. मागच्या वर्षीचाच अहवाल उघडा. जुना आकडा गुपचूप बदललेला असेल तर तिथेच कळेल. बदल करून कारण देणाऱ्या कंपनीवर उलट माझा विश्वास वाढतो.

पायरी ५: तरतुदी आणि संभाव्य देणी

न केलेला खर्च सगळ्यात जास्त इथेच लपतो. भारतीय लेखा मानक ३७ प्रमाणे जबाबदारी आजच अंगावर आलेली असेल, पैसे जाण्याची शक्यता जास्त असेल आणि अंदाज करता येत असेल, तर तरतूद करायची. ती नफ्यातून वजा होते. शक्यता त्याहून कमी असेल तर रक्कम फक्त टिपेत ‘संभाव्य देणी’ म्हणून लिहायची. नफ्याला धक्का लागत नाही. शक्यता अगदीच नगण्य ठरवली तर काहीच लिहायचं नाही. या तीन खणांपैकी कुठल्या खणात प्रकरण टाकायचं, ते व्यवस्थापन ठरवतं. म्हणून तिथे डोळे उघडे ठेवायचे.

बीआरएसआरमध्ये दंड आणि कारवायांचा तपशील पहिल्या तत्त्वात असतो, आणि पर्यावरण कायद्यांच्या उल्लंघनाचा सहाव्यात. तिथली प्रत्येक नोटीस आर्थिक टिपांत शोधा. मग उलटं करा: राष्ट्रीय हरित लवादाच्या संकेतस्थळावर कंपनीच्या नावाने आदेश शोधा. पश्चिम भारताचं खंडपीठ पुण्यातच आहे. आदेश आहे, नुकसानभरपाईची रक्कमही ठरलीय, आणि कंपनीच्या सहाव्या तत्त्वात ‘सर्व कायद्यांचं पालन होतं’ एवढं एकच वाक्य, असं निघालं तर बाकीच्या आकड्यांकडेही त्याच नजरेने बघावं लागतं.

खाण आणि वीज कंपन्यांत आणखी एक तरतूद शोधायची: काम संपल्यावर जागा पूर्ववत करण्याची. ही रक्कम वीस-तीस वर्षांनी द्यायची म्हणून आजच्या किमतीत आणून लिहितात. त्यासाठी वापरलेला व्याजदर जरा चढा धरला की तरतूद बरीच लहान दिसते. दर टिपेत दिलेला असेल तर त्याच उद्योगातल्या दुसऱ्या कंपनीशी तुलना करा. खाणीचं क्षेत्र वाढलं, तरतूद तेवढीच राहिली, तर प्रश्न विचारायलाच हवा.

तुतिकोरिनचा स्टरलाइट कॉपरचा प्रकल्प आठवा. वर्षाला ४ लाख टन तांब्याची क्षमता. एप्रिल २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणाबद्दल १०० कोटी रुपये भरायला लावले, पण प्रकल्प चालू ठेवू दिला. मे २०१८ मध्ये आंदोलनावर पोलिसांचा गोळीबार झाला, १३ माणसं मेली, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने प्रकल्प बंद केला. २९ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचं अपील फेटाळलं. मधल्या सहा वर्षांत भागधारकापुढे प्रश्न एकच होता: बंद कारखान्याची पुस्तकी किंमत किती धरायची? अशा वेळी नफ्याच्या ओळीत उत्तर नसतं. मालमत्तेच्या मूल्यऱ्हासाची (इम्पेअरमेंट) टीप आणि ऑडिटरच्या अहवालातले ‘की ऑडिट मॅटर्स’, म्हणजे तपासणीतले सगळ्यात महत्त्वाचे मुद्दे वाचावे लागतात.

पायरी ६: परवान्यात किती आणि उत्पादन किती

ही पायरी फार थोडे लोक करतात, म्हणून जरा थांबून सांगतो. पर्यावरण मंजुरीत आणि संमतीपत्रात कुठला माल वर्षाला किती टन करायचा, पाणी किती वापरायचं, सांडपाणी किती सोडायचं, हे आकड्यांत असतं. वार्षिक अहवालात किंवा गुंतवणूकदारांसाठीच्या सादरीकरणात उत्पादनाचे टन असतात. दोन्ही शेजारी ठेवा. उत्पादन परवान्यापेक्षा जास्त निघालं, तर त्या जादा टनांचा नफा कायद्याच्या दृष्टीने अधांतरी आहे.

अधांतरी म्हणजे किती, ते २ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने ओडिशातल्या खाणींच्या प्रकरणात दाखवलं. पर्यावरण मंजुरीशिवाय किंवा मंजुरीपेक्षा जास्त काढलेल्या खनिजाची १०० टक्के किंमत वसूल करायचा आदेश झाला. वसुली किमतीची होती, नफ्याची नव्हती. ज्या वर्षांचा नफा केव्हाच जाहीर झाला होता, लाभांश वाटून झाला होता, त्या वर्षांची ही वसुली. गोव्यात ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द झालं आणि १६ मार्चपासून खाणी थांबल्या. ट्रकवाले, बार्जवाले, खाणपट्ट्यातली गावं यांना त्याची झळ किती बसली ते गोवेकर जाणतात. पुढच्या वर्षांच्या उत्पन्नाचे अंदाज मांडून बसलेल्या गुंतवणूकदारांनाही ती बसली. परवान्याची मुदत कधी संपते ही तारीख म्हणून पीई गुणोत्तराच्या (शेअरचा भाव भागिले एका शेअरमागचा नफा) शेजारीच लिहून ठेवायची.

पायरी ७: आकडे कुणी तपासले

वार्षिक अहवालावर ऑडिटरची सही आहे म्हणजे बीआरएसआरही तपासलाय, हा समज चुकीचा आहे. ऑडिटरच्या अहवालात ‘इतर माहिती’ म्हणून एक परिच्छेद असतो. आपलं मत त्या माहितीला लागू नाही, आपण ती फक्त वाचून आर्थिक पत्रकांशी ठळक विसंगती आहे का एवढं बघतो, असं तिथे स्पष्ट म्हटलेलं असतं.

बीआरएसआर कोअर म्हणजे निवडक नऊ बाबी: हरितगृह वायू, पाणी, ऊर्जा, कचरा वगैरे. त्यांची वेगळी तपासणी २०२३-२४ मध्ये पहिल्या १५० कंपन्यांपासून सुरू झाली आणि २०२६-२७ पर्यंत १००० पर्यंत न्यायची आहे. ‘रीझनेबल’ (जास्त सखोल) तपासणी आहे की ‘लिमिटेड’ (मर्यादित), किती कारखान्यांना प्रत्यक्ष भेट दिली, आणि कुठले आकडे वगळले, हे तपासणीपत्रात वाचा. तपासणारी संस्था कंपनीला दुसरी कुठली सेवा विकत नाही ना, तेही बघा.

पायरी ८: पुढे ढकललेला खर्च

डिसेंबर २०१५ मध्ये औष्णिक वीज केंद्रांना सल्फर डायऑक्साइडची मर्यादा घालून दिली. मुदत पुन्हा पुन्हा वाढली, आणि जुलै २०२५ मध्ये बहुतेक केंद्रांना गंधक काढणारी यंत्रणा बसवण्यातून सूट मिळाली. न झालेल्या त्या भांडवली खर्चाने रोकड सुधारलेली दिसते, ती कार्यक्षमतेमुळे आलेली नाही. पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खत युरोपला पाठवणाऱ्या कंपन्यांना १ जानेवारी २०२६ पासून तिथल्या कार्बन सीमा शुल्काचा (आयात मालाच्या कार्बन उत्सर्जनावरच्या शुल्काचा) सामना आहे. निर्यातीचा वाटा मोठा आहे आणि अहवालात या शुल्काचा उल्लेखही नाही, असं असेल तर पुढच्या नफ्याचे अंदाज हात राखून धरा.

पायरी ९: विचारा

एजीएम, म्हणजे भागधारकांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा, बहुधा जुलै ते सप्टेंबरमध्ये असतात. सभा ऑनलाइन असेल तर वक्ता म्हणून आधी नाव नोंदवावं लागतं. तारीख सभेच्या सूचनेत असते. एक शेअर असला तरी चालतो. नुसतं ‘पर्यावरणासाठी काय करता’ असं विचारलंत तर वृक्षारोपणाची माहिती मिळेल. प्रश्न आकड्याचा हवा आणि पानाच्या क्रमांकासह हवा. वरच्या कल्पित रसायन कंपनीला मी असं लिहीन: ‘बीआरएसआरमध्ये ग्रिडची वीज १० कोटी युनिट आहे आणि खर्चाच्या टिपेत विजेचे ४० कोटी रुपये. दर चार रुपये पडतो. या वर्षी विजेचा किती खर्च भांडवली खात्यात नेला आणि कुठल्या प्रकल्पासाठी?’ हेच आठ दिवस आधी कंपनी सेक्रेटरीला ईमेलने पाठवा. तिमाही निकालांनंतरच्या बैठकींचं लेखी इतिवृत्तही कंपनीला प्रसिद्ध करावं लागतं. तुमचा प्रश्न कुणी विश्लेषकाने आधी विचारला असेल तर उत्तर तिथेच मिळेल. जे उत्तर येईल ते तारखेसकट आपल्या तक्त्यात नोंदवा आणि पुढच्या वर्षीच्या अहवालात त्याच दोन ओळी आधी उघडा.